त्यांचा हेडमास्तर कोण?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इतिहास शिकवतो. वर्गातली मुले यंत्रमाग कामगारांची, हातगाडीवाल्यांची, रिक्षा चालवणाऱ्यांची. दर वर्षी २६ नोव्हेंबरला परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचली जाते. मग २००८ साली मुंबईत मारल्या गेलेल्यांसाठी सगळे दोन मिनिटे शांत उभे राहतात. एका वर्षी त्या शांततेनंतर आम्ही वर्गात आलो, हजेरी घेतली, फळ्यावर तारीख लिहिली. तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर आला.

“सर, इन लोगों का हेडमास्टर कौन रहता?”

वर्ग हसला. आम्हालाही हसू आले. “बैठ जा,” म्हणून आम्ही धडा सुरू केला. पण घरी आल्यावर तो हात डोळ्यांसमोरून हलेना. दहशतवादाची व्याख्या आम्ही शिकवतो, परिणाम शिकवतो, उपायही शिकवतो. हेडमास्तराचा धडा मात्र आम्ही कधी घेतला नव्हता. खरे सांगायचे तर हा विषय निघाला की आम्ही उर्दू शाळेचे मास्तर आवाज खाली करतो. हा शब्द आमच्या अंगावर इतक्या वेळा फेकला गेला आहे की त्याच्या जवळ जायचीच भीती वाटते. पण मास्तर घाबरला म्हणून मुलाचा सवाल मिटत नाही. त्याचे उत्तर दुसरे कोणीतरी देते.

म्हणून आम्ही इतिहासाची पुस्तके काढली. अशा संघटनांची घडण कशी असते? वर कोण बसतो? खाली कोण मरतो? आणि मधेच एखाद्याने “का?” विचारले तर त्याचे काय होते? वाचकहो, या तिसऱ्या सवालाने आम्हाला सगळ्यात जास्त शिकवले.

पुष्कळ लेखक ही कहाणी इराणातल्या आलमूतच्या किल्ल्यापासून सुरू करतात. १०९० साली हसन सब्बाहने तो किल्ला घेतला. मग बाग, हशीश आणि खंजीर घेतलेले तरुण, असा सगळा मसाला येतो. आम्ही तिथून सुरुवात करत नाही. हशीश आणि बागेची ती गोष्ट बव्हंशी दंतकथा आहे, असे आजचे अभ्यासक सांगतात. निजारी इस्माईलींनी राजकीय खून केले हे खरे. पण त्यांच्यावरच्या बहुतेक कथा त्यांच्या शत्रूंनी आणि दूरच्या प्रवाशांनी लिहून ठेवल्या, आणि आज तो समाज शाळा नि दवाखाने चालवणारा, शांततेने राहणारा समाज आहे. त्या दंतकथेने एक गैरसमजही पसरवला, की माणसाला मरायला पाठवायचे तर त्याला नशा द्यावी लागते. इतिहास तसे म्हणत नाही. कागदावरची एक उतरंड त्याला पुरते.

ती उतरंड नीट पाहायची तर रशियात जावे लागते. १८६९ साली सर्गेई नेचायेव नावाचा बावीस वर्षांचा तरुण स्वित्झर्लंडहून मॉस्कोला आला. तो आमच्याच पेशातला. पीटर्सबर्गच्या एका चर्चच्या शाळेत तो धर्मशिक्षण देत असे. त्याच्या खिशात एक प्रमाणपत्र होते, क्रमांक २७७१. त्यावर बाकुनिन या नामवंत क्रांतिकारकाची सही होती आणि मजकूर असा की हा माणूस जागतिक क्रांतिकारी संघटनेच्या रशियन शाखेचा अधिकृत प्रतिनिधी आहे. २७७१ हा आकडा वाचून कोणालाही वाटावे की याच्या आधी २७७० माणसे भरती झाली आहेत. प्रत्यक्षात अशी संघटनाच नव्हती.

नेचायेवने विद्यार्थ्यांचे पाच-पाचांचे गट केले. प्रत्येक गटाला सांगितले की तुमच्यासारखे असंख्य गट देशभर आहेत आणि सगळ्यांच्या वर एक केंद्रीय समिती आहे. समितीला कोणी पाहिलेले नव्हते. तिचे हुकूम फक्त नेचायेवच्या तोंडून येत. एका गटात इवान इवानोव नावाचा शेतकी महाविद्यालयाचा विद्यार्थी होता. पत्रके चिकटवण्यावरून त्याचा नेचायेवशी वाद झाला आणि त्याने सरळ विचारले, ही समिती खरोखर आहे का? नोव्हेंबर १८६९ मध्ये महाविद्यालयाच्या बागेत त्याला बोलावून घेतले आणि त्याच्याच साथीदारांनी त्याला ठार केले. प्रेत बर्फाखालच्या तळ्यात टाकले. नेचायेव परदेशी पळाला. साथीदार पकडले गेले आणि त्यांच्यावर खटला चालला. पुढे १८७२ साली स्वित्झर्लंडने नेचायेवलाही रशियाच्या हवाली केले आणि दहा वर्षांनी तो तुरुंगात मेला. दोस्तोयेव्हस्कीच्या एका प्रसिद्ध कादंबरीचे बीज याच खुनात आहे.

या संघटनेने झारच्या एकाही अधिकाऱ्याला मारले नाही. तिने एकच खून केला, सवाल विचारणाऱ्या आपल्याच पोराचा. पुढच्या दीडशे वर्षांत जे घडले त्याची आखणी आम्हाला या छोट्या प्रकरणात दिसते. वर न दिसणारी समिती, मध्ये एकच निरोप्या, खाली एकमेकांना न ओळखणारे गट, आणि शंकेला मरणाची सजा.

दहा वर्षांनी, १८७९ साली, रशियातच ‘नरोदनाया वोल्या’ म्हणजे ‘लोकेच्छा’ ही संघटना उभी राहिली. ही माणसे नेचायेवसारखी लबाड नव्हती. यांची कार्यकारी समिती खरोखर होती. आंद्रेई झेल्याबोव आणि सोफिया पेरोव्हस्काया यांसारखी शिकलेली, त्यागी माणसे तिच्यात होती. पण घडण तीच. समितीच्या सभासदाने पकडले गेल्यावर आपण सभासद आहोत हे कबूल करायचे नाही, फक्त ‘समितीचा हस्तक’ म्हणायचे. हस्तकांच्याही पायऱ्या होत्या. खालच्या पायरीवरच्याला वरच्याचे नाव ठाऊक नसे. वरच्याला मात्र खालच्याचे सगळे ठाऊक असे.

१ मार्च १८८१ रोजी, त्या काळच्या रशियन पंचांगाप्रमाणे, पीटर्सबर्गच्या कालव्याकाठी झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला. पहिला बॉम्ब टाकणारा निकोलाय रिसाकोव एकोणीस वर्षांचा होता. दुसरा बॉम्ब टाकणाराही त्याच स्फोटात गेला. रिसाकोव पकडला गेला, मोडला आणि त्याने साथीदारांचे पत्ते सांगितले. एप्रिलमध्ये पाच जण फासावर गेले. त्यांत रिसाकोव होता, झेल्याबोव होता, पेरोव्हस्कायाही होती. इथे पुढारी स्वतः फासावर गेले, हे इन्साफाने मान्य केले पाहिजे. पण ज्या जनतेच्या नावाने त्यांनी हे केले त्या जनतेला कोणी विचारले होते? झार मेला, त्याचा मुलगा गादीवर आला आणि राजवट आणखी कडक झाली.

गुप्ततेची ही विद्या शेवटी कुठे जाते, हे रशियाच्याच पुढच्या पिढीने पाहिले. समाजवादी क्रांतिकारी पक्षाची एक ‘लढाऊ संघटना’ होती. ती पक्षाच्या मध्यवर्ती समितीलाही आपल्या कामाचा तपशील देत नसे. १९०३ साली तिचा पहिला प्रमुख पकडला गेला आणि येवनो अजेफ प्रमुख झाला. त्याच्या हाताखाली १९०४ साली गृहमंत्री प्लेव्हे आणि १९०५ साली झारचा काका सर्गेई मारला गेला. साथीदार त्याला देवासारखा मानत. आणि हा अजेफ १८९३ पासून पोलिसांचा पगारी खबऱ्या होता! सरकारला माणसे पकडून द्यायची आणि संघटनेला खून करून द्यायचे, असे दोन्हीकडचे पैसे तो खात होता. व्लादिमीर बुर्त्सेव नावाच्या संपादकाने पुरावे गोळा केले, तेव्हा पक्षाने आधी बुर्त्सेवलाच जाब विचारला. पोलीस खात्याच्या एका माजी संचालकाने दुजोरा दिला, तेव्हा कुठे लोकांना पटले. अजेफ निसटला आणि १९१८ साली बर्लिनमध्ये मेला.

याचा अर्थ उघड आहे. जिथे कोणी कोणाला विचारू शकत नाही, तिथे वर बसलेला माणूस कोणाचा आहे हेही कळत नाही. ज्या पडद्याआड ते पोलिसांपासून लपले, त्याच पडद्याआड पोलीस त्यांच्या उरावर येऊन बसले.

आता रशियातून आपण अल्जीरियाला येऊ, कारण हा देश मुसलमानांचा होता आणि त्याची लढाई परकीय सत्तेविरुद्ध होती. स्वातंत्र्याची मागणी न्याय्य होती, यात आम्हाला शंका नाही. १ नोव्हेंबर १९५४ रोजी राष्ट्रीय मुक्ती आघाडीने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले. ऑगस्ट १९५६ मध्ये सुम्माम खोऱ्यात तिची परिषद झाली. देशाचे विलायतींमध्ये विभाग पडले आणि वर पाच जणांची कार्यकारी समिती नेमली गेली. या सगळ्यामागे अबान रमजान नावाच्या माणसाचे डोके होते. त्याचा आग्रह होता की राजकीय नेतृत्व बंदूकवाल्यांच्या वर असले पाहिजे.

राजधानी अल्जिअर्समध्ये कसबा नावाची जुनी मुसलमान वस्ती आहे. तिथे यासेफ सादीने माणसांची साखळी उभी केली. एक माणूस तिघांनाच ओळखे, ज्याने त्याला आणले तो एक आणि त्याने आणलेले दोन. १० ऑगस्ट १९५६ च्या रात्री युरोपीय वसाहतवाल्यांमधल्या अतिरेक्यांनी कसब्यात बॉम्ब फोडून झोपलेली कुटुंबे मारली. ३० सप्टेंबरला आघाडीने बदला घेतला. मिल्क बार आणि कॅफेटेरिया या ठिकाणी बॉम्ब ठेवले गेले. ते ठेवणाऱ्या विशी-बाविशीतल्या मुली होत्या. आइस्क्रीम खायला आलेल्या मुलाबाळांनी कसब्यातला बॉम्ब ठेवला नव्हता. पण साखळीत हा सवाल वर पोहोचवायला जागा कुठे होती?

जानेवारी १९५७ मध्ये जनरल मासूच्या छत्रीधारी फौजेच्या हाती शहर दिले गेले. साखळी तोडायची तर एकेक कडी बोलती करायची, म्हणून छळ सुरू झाला. विजेचे झटके आणि पाण्याचे छळ हा रोजचा रिवाज झाला. लार्बी बिन महीदी हा वरच्या फळीतला नेता फेब्रुवारीत पकडला गेला आणि मार्चमध्ये कोठडीत मेला. फ्रान्सने आत्महत्या म्हटले. त्याला मारल्याची कबुली जनरल ओसारेस याने २००१ साली पुस्तकातून दिली. सप्टेंबरात यासेफ सादी सापडला, ऑक्टोबरात त्याचा साथीदार अली ला पोएंत लपलेल्या जागेसह उडवला गेला. साखळी तुटली, पण हजारो बेकसूर माणसे तिच्याबरोबर भरडली गेली. पॉल तेत्जेन हा अल्जिअर्समधल्या पोलीस कारभाराचा फ्रेंच सचिव. नाझींच्या छावणीत त्याने स्वतः मार खाल्ला होता. आपल्याच फौजेने पकडलेल्यांपैकी सुमारे तीन हजार माणसांचा पत्ता लागत नाही, हे त्याने नोंदवले आणि १९५७ साली राजीनामा दिला. सरकारच्या उतरंडीतही कोणीतरी “का?” विचारावे लागते. तेत्जेनने विचारले. त्याची नोकरी गेली, पण जीव वाचला.

अबान रमजानचा वाचला नाही. लष्करी नेत्यांना तो डोईजड झाला होता. भर बैठकीत तो त्यांना जाब विचारी. डिसेंबर १९५७ मध्ये कामाच्या निमित्ताने त्याला मोरोक्कोत नेले आणि साथीदारांनीच त्याचा गळा आवळला. पुढच्या मे महिन्यात आघाडीच्या मुखपत्रात छापून आले की अबान रणभूमीवर शहीद झाला. १९६२ साली देश स्वतंत्र झाला. पण राजकारण्याने बंदूकवाल्याच्या वर असावे असे म्हणणारा मेला होता, आणि पुढे बरीच वर्षे त्या देशात सत्ता लष्करवाल्यांच्याच हाती राहिली. न्याय्य लढाईतसुद्धा ही उतरंड आपला कर वसूल करते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, रशियन नास्तिक होते, अल्जीरियन राष्ट्रवादी होते, मग दीनाचे नाव घेणाऱ्यांचे काय? तिकडेही नजर टाकू. इथे आम्हाला बोलायला जास्त जड जाते, कारण इथले सगळे शब्द आमच्या घरातले आहेत.

अल कायदा ऑगस्ट १९८८ मध्ये पेशावरला स्थापन झाली. तिच्या वर अमीर, अमीराच्या हाती बैअत, अमीराला सल्ला द्यायला शूरा, आणि खाली लष्करी, आर्थिक, शरई, प्रसिद्धीची अशा समित्या. पगार होते, रजेचे नियम होते. जमाल अल फद्ल नावाच्या सुदानी सभासदाला आपला पगार इतरांहून कमी वाटला, म्हणून त्याने संघटनेच्या १ लाख १० हजार डॉलरवर हात मारला आणि १९९६ साली अमेरिकेचा साक्षीदार झाला. पुढे २०१३ साली मालीतल्या टिंबक्टूत अल कायदाच्या शाखेचे कागद सापडले. त्यांत किराणा आणि झाडू यांच्या खर्चाच्या पावत्या होत्या. एका कमांडरला पाठवलेले खरमरीत पत्रही होते. तू फोन उचलत नाहीस, बैठकांना येत नाहीस, खर्चाचा अहवाल देत नाहीस! आमच्या मुख्याध्यापकांची आठवण व्हावी असे ते पत्र आहे. हिशेब झाडूचा मागितला जातो. माणसांचा मागितला जात नाही.

शूराची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या अमेरिकी आयोगाने २००४ साली अहवाल दिला. त्यात नोंद आहे की हल्ल्यापूर्वी अल कायदाच्या वरिष्ठांतच मतभेद होते. अबू हफ्स अल मॉरितानी हा शरई समितीचा प्रमुख विरोधात होता. बिन लादेनला आश्रय देणाऱ्या मुल्ला उमरचाही अमेरिकेवर हल्ला करण्याला विरोध होता. बिन लादेनने सगळ्यांना बाजूला सारले. मग ती शूरा कशाची? नावाची पाटी शूराची आणि आत एका माणसाची मर्जी. १९ अपहरणकर्त्यांपैकी बहुतेकांचे काम विमानातल्या लोकांना धाकात ठेवायचे होते. मरायला जायचे आहे एवढे त्यांना माहीत होते, बेताचा तपशील मात्र बराच काळ त्यांच्यापासून लपवला गेला. त्या दिवशी २९७७ माणसे मारली गेली. बिन लादेन त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे जगला आणि मे २०११ मध्ये अबोटाबादच्या एका घरात बायकामुलांच्या सोबतीत मारला गेला.

२०१४ साली खिलाफतीची घोषणा करणाऱ्या इस्लामिक स्टेटचा आराखडा तर कोणा आलिमाने आखलाच नव्हता. हाजी बक्र या नावाने वावरणारा माणूस सद्दाम हुसेनच्या हवाई संरक्षण दलाच्या गुप्तहेर खात्यातला माजी कर्नल होता. जानेवारी २०१४ मध्ये तो सीरियात मारला गेला. त्याच्या घरी सापडलेले कागद एका जर्मन साप्ताहिकाने २०१५ साली छापले. गावोगाव दावाचे केंद्र उघडायचे. तिथे येणाऱ्यांतून एक-दोघे निवडून गावावर पाळत ठेवायला लावायची. मातब्बर घरे कोणती, त्यांचे उत्पन्न किती, कोणाचे कोणते गुपित धमकीसाठी वापरता येईल, याची यादी करायची. हेरांवर पुन्हा हेर. त्या पानापानांत तक्ते आहेत, चौकटी आहेत, बाण आहेत. दीन कुठे आहे? दीन फक्त केंद्राच्या दारावरच्या पाटीवर आहे.

आता मुंबई. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा तरुण समुद्रमार्गे आले. दोन-दोनच्या पाच जोड्या. त्यांनी १६६ माणसे मारली. मेलेल्यांत हिंदू होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते, यहुदी होते. जिवंत सापडलेला अजमल कसाब तेव्हा एकवीस वर्षांचा, पाकिस्तानातल्या फरीदकोट गावचा, जेमतेम शाळा पाहिलेला मजूर. त्याने मारलेल्यांचे खून त्याच्याच माथी आहेत, त्यात सवलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये त्याची फाशी कायम केली आणि नोव्हेंबरात येरवड्याला ती अमलात आली. पण या खटल्यात पुढे आलेली एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. ते दहा जण गोळ्या चालवत असताना पाकिस्तानात बसलेले सूत्रधार फोनवरून त्यांना पुढचा हुकूम देत होते. ओलीस ठेवलेल्यांचे काय करायचे ते सांगत होते. जिवंत सापडू नका, हेही सांगत होते. मुंबईत मरणारे एकीकडे आणि फोन ठेवून जेवायला जाणारे दुसरीकडे. नेचायेवच्या न दिसणाऱ्या समितीला या काळात फक्त टेलिफोन मिळाला, एवढाच फरक.

आणि शिकवणीची नावे पाहा. कसाबच्या कबुलीत आलेल्या पहिल्या प्रशिक्षणाचे नाव ‘दौरा-ए-सुफ्फा’. सुफ्फा म्हणजे मस्जिद-ए-नबवीतला तो ओटा, जिथे गरीब, बेघर सहाबा राहत आणि पैगंबरांकडून (स.) इल्म घेत. सवाल विचारत आणि जवाब ऐकत. आम्ही मास्तर लोक त्याला इस्लामची पहिली शाळा म्हणतो. त्या नावाखाली गरिबाच्या पोराला सवाल न विचारायला शिकवले गेले. त्या लष्कर-ए-तय्यबाचा संस्थापक हाफिज सईद हाही एके काळी लाहोरच्या अभियांत्रिकी विद्यापीठात इस्लामियात शिकवणारा होता. म्हणजे नेचायेव मास्तर आणि हाही मास्तर. आमच्या मुलाने हेडमास्तर हा शब्द चुकून वापरला नव्हता.

आमच्या इतिहासात शूरा अशी नव्हती. हजरत उमर (रजि.) यांची गोष्ट वाअजमध्ये नेहमी सांगितली जाते. खलिफा मिंबरवर उभे असताना एकाने विचारले, वाटणीत सगळ्यांना एकेक चादर मिळाली, मग तुमचा अंगरखा एवढा मोठा कसा झाला? खलिफांनी त्याला गप्प केले नाही. मुलाला उभे केले आणि मुलाने सांगितले की माझ्या वाट्याचे कापड मी वडिलांना दिले. आणि ६५७ सालच्या सिफ्फीनच्या लढाईनंतर खारिजी फुटून निघाले, हुकूम फक्त अल्लाहचा अशी घोषणा देऊ लागले, तेव्हा हजरत अली (रजि.) यांनी आधी तलवार नाही, इब्ने अब्बास (रजि.) यांना पाठवले. त्यांनी बसून वाद केला. पुष्कळ लोक परत आले, असे जुन्या इतिहासग्रंथांत आहे. जे आले नाहीत त्यांनी रस्त्यात बेकसूर माणसे मारली, ६५८ साली नहरवानला लढाई झाली आणि ६६१ साली त्यांच्यातल्याच एकाने कूफ्याच्या मशिदीत हजरत अलींवर तलवार चालवली. संवाद सगळ्यांना वाचवत नाही. पण जे वाचले ते संवादाने वाचले.

मुंबईत मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफनासाठी जागा द्यायला मुंबईच्या मुसलमान जमातीने नकार दिला, ही गोष्ट आम्ही वर्गात अभिमानाने सांगतो. ते मृतदेह महिनोन् महिने शवागारात पडून होते. जानेवारी २०१० मध्ये सरकारने ते गुपचूप पुरले. तो नकार कोणा अमीराच्या हुकमाने आला नव्हता. कब्रस्तान सांभाळणाऱ्या साध्या विश्वस्तांनी आपल्या बुद्धीने दिला होता.

पण अभिमानाबरोबर एक दुखणेही आहे. ज्यांची रचना अंधारात असते त्यांचा संशय उजेडातल्या लोकांवर येतो. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शबे-बरातच्या दिवशी, मालेगावात बॉम्ब फुटले. मेलेले मुसलमान आणि पकडलेले नऊ तरुणही मुसलमान. २०१६ साली न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर त्यांच्यातला एक वारला होता. म्हणून आम्ही राज्यालाही तोच सवाल विचारतो जो तेत्जेनने विचारला. साखळी शोधताना कोणाला भरडता आहात?

शेवटी आमच्याबद्दल. छडी खाल्लेले पोर अतिरेकी होते, असे आम्ही म्हणत नाही. तसे असते तर आमची सगळी पिढीच वाया गेली असती. पण आमच्या शाळांत, अंजुमनांत, मोहल्ल्याच्या बैठकांत सवाल विचारणारा नकोसा असतो, हे खरे आहे. मोठ्यांपुढे बोलू नये, उस्तादाला उलट विचारू नये, सद्र साहेबांना हिशेब मागू नये, हे आपण अदबीच्या नावाने शिकवतो. अदब हवीच. पण अदब आणि मुकेपणा यांत फरक आहे. मुका झालेला मुलगा चांगल्या हातात पडला तर आज्ञाधारक म्हणवला जातो. वाईट हातात पडला तर त्याच्या खिशात कोणी काय ठेवले हेही तो विचारत नाही.

आठ दिवसांनी आम्ही त्या मुलाला पुन्हा उभे केले. तो घाबरला, त्याला वाटले आता सजा होणार. आम्ही वर्गासमोर त्याची माफी मागितली, “बैठ जा” म्हटल्याबद्दल. मग जेवढे वर लिहिले आहे त्यातले नववीला झेपेल तेवढे सांगितले. म्हणालो, “बेटा, त्यांचा हेडमास्तर असतो. त्याच्याकडे हजेरी असते, तुकड्या असतात, पगार असतो, रजाही असते. पण त्याच्या शाळेत हात वर करता येत नाही. तू मागच्या आठवड्यात जे केलेस ते इवान इवानोवने केले होते.”

वर्ग शांत झाला. तो मुलगा उभाच होता. थोड्या वेळाने त्याने परत हात वर केला.

“सर, वो इवानोव की उमर कितनी थी?”

आम्हाला त्याचे वय ठाऊक नव्हते. तसे आम्ही सांगितले. म्हणालो, विद्यार्थी होता, तुझ्यापेक्षा थोडा मोठा. मुलाने मान हलवली आणि वहीत ते नाव लिहून घेतले. त्या दिवसापासून आमच्या तासाची शेवटची पाच मिनिटे सवालांसाठी राखलेली आहेत. कधी कधी कोणीच विचारत नाही. तरीही आम्ही ती पाच मिनिटे खडू खाली ठेवून उभे राहतो.